अंगठ्याचं हाड: छोट्या छेदाचं ऑपरेशन की जुनंच बरं?

गिरगावची_सुलू: आईच्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढत चाललाय, बाजूचं हाड बाहेर आलंय, चप्पल घातली की ठणकतं. डॉक्टर म्हणतात मिनिमली इन्व्हेजिव करू, तीन-चार मिलिमीटरचे छेद, त्याच दिवशी घरी. माझं स्पष्ट मत, हे सगळं मार्केटिंग आहे. हाड तर कापणारच ना? मग उघडं ऑपरेशन काय वाईट, सर्जनला निदान समोर दिसतं तरी.

परळचा_बाब्या: दिसत नाही कुणी सांगितलं? सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणारं मशीन, त्यावर बघत बघतच करतात. बारीक बर, म्हणजे गरगर फिरणारं कापायचं टोक, आत घालून हाड कापायचं, सरकवायचं, स्क्रू मारायचे, बहुतेक वेळा सांधा उघडावाच लागत नाही, म्हणून सुरुवातीला दुखतंही कमी. माझी मावशी दुसऱ्या दिवशी ते कडक तळाचं बूट घालून स्वतःच्या पायाने बाथरूमला गेली.

गिरगावची_सुलू: बाथरूमला गेली, विरार फास्टला नाही चढली :)

फिजिओ_ठाणे: बाब्या, सुरुवातीला दुखणं कमी हे मान्य, पण पुढे काही महिन्यांनी बघितलं तर दोन्हीत फार फरक उरत नाही. छेद केवढाही असो, हाड जुळायला साधारण 6 आठवडे जातातच आणि सूज तर महिनोन्‌महिने रेंगाळते, पेशंट नेमके इथेच वैतागतात कारण त्यांना वाटलेलं असतं की छोटा छेद म्हणजे छोटं ऑपरेशन. शिवाय तो बर हळू फिरवून सलाईनने थंड ठेवावा लागतो नाहीतर हाड भाजतं. हात बसायला बऱ्याच केसेस लागतात, तेव्हा सुलू, डॉक्टरांना सरळ विचार, अशी किती केलीत आणि किती जणांचा अंगठा परत वाकला.

अंधेरी_स्लो: मी म्हणतो घाई कशाला, रुंद चपला घ्या, बोटांत सिलिकॉनचा तुकडा घाला, सरळ होईल.

फिजिओ_ठाणे: घासणं कमी होईल, सरळ नाही होणार. पण दुखत नसेल तर नुसतं दिसण्यासाठी ऑपरेशन करू नये, एवढं तुमचं बरोबर.

गिरगावची_सुलू: दुखतंय हो, म्हणून तर. चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यात पावसाळा. गणपतीनंतर करू, पण माझं मत अजून उघड्याकडेच आहे.

परळचा_बाब्या: कर बाई, पाय तुमच्या घरचा. फक्त मेडिक्लेमवाल्यांना आधी विचार, आमच्या वेळी 'कॉस्मेटिक' म्हणून टाळायला बघत होते. दुखण्याची नोंद आणि एक्स-रेवरचा अंगठ्याचा कोन डॉक्टरांकडून लिहून घे.