सभा बंद पाडणं हा निषेधाचा हक्क आहे का?

मूळ धागा

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये न्यायाधीश काइल डंकन यांना बोलावलं होतं. त्यांच्या निकालांवर नाराज विद्यार्थ्यांनी एवढा गोंगाट केला की लिहून आणलेलं भाषण त्यांना करताच आलं नाही. २०१७ मध्ये तिथल्याच मिडलबरी कॉलेजात वादग्रस्त लेखक चार्ल्स मरी यांना तर सभागृह सोडून दुसऱ्या खोलीत कॅमेऱ्यापुढे बोलावं लागलं. बाहेर पडताना झालेल्या झटापटीत प्राध्यापक ॲलिसन स्टँगर जखमी झाल्या. त्या मरींच्या बाजूच्या नव्हत्याच, त्यांना अडचणीचे प्रश्न विचारायला त्या तिथे होत्या.

मला राग येतो तो इथे. वक्ता काय, दुसरीकडे जाऊन बोलेल. पण जे ऐकायला आले, जे त्याला कोंडीत पकडायला आले, त्यांचं काय? दाराबाहेर फलक धरा, काळ्या फिती लावा, भाषण सुरू होताच सगळे उठून निघून जा. इतरांनी काय ऐकायचं हे ठरवणारे तुम्ही कोण?

प्रतिसाद १

अजिबात सहमत नाही. न्यायाधीशाच्या हातात निकाल असतो. त्या निकालाची झळ ज्यांना बसते त्यांच्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं, तीही आयोजकांनी त्यांचा वर केलेला हात पाहिला तर. आणि कॅम्पसवर राजकीय बोलण्याचा हक्क मिळाला तोच मुळी अडवणूक करून. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी स्प्राउल हॉल या प्रशासकीय इमारतीत ठिय्या दिला, जवळपास ८०० जणांना अटक झाली, तेव्हा कुठे प्रशासन हललं.

धागाकर्ता

बर्कलीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. ते विद्यार्थी बोलण्यावरची बंदी उठवा म्हणून बसले होते, कुणाचं तोंड बंद करायला नव्हे. आवाज मोठा त्याची सभा, असा नियम एकदा मान्य केलात की उद्या तुमच्या वक्त्यालाही तो लागू होणार.

प्रतिसाद २

व्यत्यय वेगळा आणि बोलूच न देणं वेगळं. तुम्ही दोघंही ते एकत्र करताय. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातच अर्वाइनच्या विद्यापीठात इस्रायलचे अमेरिकेतले राजदूत मायकेल ओरेन बोलत असताना विद्यार्थी एकेक करून उठले, ओरडले, त्यांना बाहेर काढलं गेलं. ओरेन यांचं भाषण रखडलं, पण पूर्ण झालं. विद्यापीठाने संबंधित विद्यार्थी संघटनेवर कारवाईही केली. एवढं होऊनही खटला भरला, आणि २०११ मध्ये दहा जणांना दोषी ठरवण्यात आलं. एका वाक्याच्या घोषणेसाठी पोरांच्या नावावर गुन्हा!

धागाकर्ता

खटला नको होता, मान्य. पण काहीच न करणंही नको. स्टॅनफर्ड लॉ स्कूलच्या तेव्हाच्या डीन जेनी मार्टिनेझ यांनी कुणाला शिक्षा केली नाही, सगळ्या विद्यार्थ्यांना अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर अर्ध्या दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण लावलं. कारण उघड होतं: हजर असलेल्या कर्मचाऱ्यांनीच विद्यार्थ्यांना उलटसुलट संकेत दिले होते. म्हणून सभेआधीच एक माणूस नेमा. तो उठून स्पष्ट इशारा देईल, आणि त्यानंतरही जो थांबणार नाही तो बाहेर.

प्रतिसाद १

तो माणूस नेमणार कोण? प्रशासनच ना? मग वक्ता त्यांच्या मर्जीतला असेल तर पहिल्याच घोषणेला बाहेर, नावडता असेल तर अर्धा तास मोकळीक. नियम सगळ्यांना सारखा लागेल हे कोण पाहणार, ते आधी सांगा.