डेटा लीकची मूट, वाट्याला रिस्पॉन्डंट. मान्य काय करायचं आणि अडायचं कुठे?

मेमोरियलग्रस्त:
विभागीय मूट आहे, म्हणजे लॉच्या विद्यार्थ्यांची लुटुपुटीच्या खटल्याची स्पर्धा; विषय डेटा प्रायव्हसी. चिठ्ठीत आमच्या वाट्याला रिस्पॉन्डंट आला, म्हणजे प्रतिवादी कंपनी. टीममध्ये सुतक आहे. मी दुसरी स्पीकर, तिसरं सेमिस्टर, पहिलीच मूट.

प्रॉपोझिशन, म्हणजे स्पर्धेसाठी दिलेला खटला, थोडक्यात असं. देश काल्पनिक, पण कायदे भारतासारखेच, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारं एक ॲप. साइन-अपला एकच ‘मान्य आहे’ बटण आणि त्यातच फोनमधल्या सगळ्या कॉन्टॅक्ट्सची परवानगी. जानेवारी 2026 मध्ये पेशंटची प्रिस्क्रिप्शन्स आणि कॉन्टॅक्ट यादी दोन्ही बाहेर फुटलं. कंपनीने पेशंटना कळवलं अकराव्या दिवशी. पेशंट थेट सुप्रीम कोर्टात, संविधानाच्या कलम 32 खाली (मूलभूत हक्कांसाठी थेट तिथे जाता येतं ते), भरपाई द्या म्हणून.

आता 2023 च्या डीपीडीपी (डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण) कायद्याचं कलम 6 उघडलं तर त्यात उदाहरण म्हणून हेच! टेलिमेडिसिन ॲप, कॉन्टॅक्ट यादी, आणि खाली स्वच्छ लिहिलंय की यादी या सेवेसाठी गरजेची नाही, त्यामुळे संमती सल्ल्यापुरतीच धरायची. प्रॉपोझिशन लिहिणाऱ्याने कायद्यातूनच उचललंय. माझं म्हणणं, हा मुद्दा सरळ मान्य करून टाकावा आणि बाकीच्यावर जोर लावावा. पहिला स्पीकर म्हणतो काहीच मान्य करायचं नाही, प्रायव्हसी निरपेक्ष नाही असं पुट्टस्वामीतच (प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल) म्हटलंय, तेच पंधरा मिनिटं ताणू. कोणाचं बरोबर? मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, द्यायला नऊ दिवस उरलेत.

माजी_रिसर्चर:
‘प्रायव्हसी निरपेक्ष नाही’ हे वाक्य तुमची पाळी येईपर्यंत बेंचने चारदा ऐकलेलं असेल. पुट्टस्वामी म्हणजे 24 ऑगस्ट 2017, नऊ न्यायमूर्ती, एकमत. पण निकालपत्रं सहा! ‘कोणाच्या निकालपत्रातून वाचताय?’ हा प्रश्न येतोच. मी एकदा न्या. कौल यांची चौथी कसोटी न्या. चंद्रचूड यांच्या नावावर खपवली, बेंचने परिच्छेद विचारला. पुढची चार मिनिटं मला अजून आठवत नाहीत.

शिवाय कायद्याचा आधार, रास्त हेतू, प्रमाणबद्धता ही कसोटी सरकारला लावलेली. तुम्ही खाजगी कंपनी, ती स्वतःहून अंगावर का घेता? आधी विचारा की खाजगी कंपनीविरुद्ध कलम 32 चालतं का. समोरचे लगेच सुप्रीम कोर्टाचा कौशल किशोर निकाल काढतील: 3 जानेवारी 2023, 4 विरुद्ध 1, कलम 19 आणि 21 चे हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. तेव्हा न्या. नागरत्ना यांचं वेगळं मत नीट वाचा, तुमच्या कामाचं तिथे आहे. ते अल्पमत आहे हे बेंचने सांगायच्या आत तुम्हीच सांगा.

जुना_डगला:
वकिली करतो, अधूनमधून मूटच्या बेंचवर बसवतात. मान्य करायचं की नाही हे नंतर बघू. लीक जानेवारी 2026 ची ना? मग त्या दिवशी कलम 6 लागू होतं का, हे तुमच्यापैकी कुणी पाहिलं?

नोव्हेंबर 2025 ची अधिसूचना काढा. व्याख्या आणि डेटा संरक्षण मंडळाची कलमं लगेच लागू झाली. संमती, सुरक्षा, लीक कळवण्याची जबाबदारी, दंड हे सगळं अठरा महिन्यांनी. आयटी कायद्याचं कलम 43ए (संवेदनशील माहिती सांभाळण्यात निष्काळजीपणा झाला तर कंपनीने भरपाई द्यायची) रद्द करणारं नव्या कायद्याचं कलम 44(2) सुद्धा अठरा महिन्यांनीच. म्हणजे जानेवारीत तुमचं ते सुंदर उदाहरण छापलेलं होतं, अंमलात नव्हतं, आणि 43ए जिवंत होतं.

आता 43ए खालचे 2011 चे नियम घ्या, नियम 3. संवेदनशील माहितीची यादी आहे: पासवर्ड, आर्थिक माहिती, आरोग्य, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक वगैरे. कॉन्टॅक्ट यादी त्यात सापडते का बघा! प्रिस्क्रिप्शन सापडतं, तिथे सुटका नाही. म्हणून ते संवेदनशील आहे एवढं मान्य करा, निष्काळजीपणा मान्य करू नका. माहिती फुटली म्हणजे सुरक्षा वाजवी नव्हतीच, असं कलम म्हणत नाही. आणि पाच कोटींपर्यंतच्या भरपाईसाठी आयटी कायद्याखालीच निवाडा अधिकारी आहे, तर इकडे थेट कशाला आलात, हे याचिकाकर्त्याला विचारा.

एक खड्डा दाखवून ठेवतो. सर्ट-इनचे (सायबर घटना हाताळणारी सरकारी संस्था) 28 एप्रिल 2022 चे निर्देश, सहा तासांत त्यांना कळवायचं. तुम्ही विषय काढू नका, पण बेंचने काढला तर ‘माझी सहकारी सांगेल’ म्हणू नका. फार राग येतो.

मेमोरियलग्रस्त:
सर, मी दहा मिनिटं स्क्रीनकडे नुसती बघत बसले. आम्ही कायद्याची प्रत डाउनलोड केली आणि सरळ वाचत सुटलो, लागू कधी झाला हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पण आयोजकांकडे क्लॅरिफिकेशन मागायची मुदत परवाच संपली. ‘कायदे भारतासारखेच’ म्हणजे तारखाही भारतासारख्याच, असं धरायचं का? बेंच म्हणाली की नाही, कायदा लागूच समजा, तर?

जुना_डगला:
तर पर्यायी मुद्दा. कायदा लागू धरला तरी त्यात पेशंटला भरपाईची तरतूद नाही. सुरक्षेत कसूर केली तर दंड 250 कोटींपर्यंत, पण कलम 34 प्रमाणे तो भारताच्या संचित निधीत जातो. मात्र हे दोन वाक्यांत सांगून बसा. कारण नवा कायदा लागू धरला की 43ए पण गेलेलं असेल, आणि बेंच विचारेल, ‘मग पेशंटच्या हातात काय?’ हा मुद्दा जितका ताणाल तितकी कलम 32 ची याचिका तुम्हीच भक्कम कराल. उलट तारखेच्या मुद्द्यात पेशंटला एक दार उघडं राहतं, फक्त ते दुसऱ्या इमारतीत आहे. बेंचला रिकाम्या हाताने कुणाला परत पाठवायला आवडत नाही, मूटमध्येसुद्धा.

मागच्या_बाकावरून:
ताई, प्रत्येक इश्यू आधी मराठीत एका वाक्यात बोलून बघ. वाक्य जमलं नाही तर मुद्दाच कळलेला नसतो. माझा दोनदा असाच पकडला गेलाय, दोन्ही वेळा टाइमकीपरने एक मिनिटाचं कार्ड दाखवल्यावर.

मेमोरियलग्रस्त:
बोलून बघितलं: ‘दावा खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही, दार चुकलंय म्हणतो.’ पहिला स्पीकर ऐकून गप्प झाला, म्हणजे पटलं असावं. तारखेचा इश्यू सगळ्यात वर घेतोय, पुट्टस्वामी चौथ्या पानावर गेला. मेमोरियल जवळपास नव्याने लिहायचंय आणि आमच्या टीमच्या रिसर्चरने माझ्याशी बोलणं बंद केलंय. फूटनोट्स सगळ्या त्याच्याकडे आहेत.