फेतिसोव यांचे आकडे आणि हातातून गेलेली वर्षे

सोव्हिएत आइस हॉकी संघाचे नामवंत बचावपटू व्याचेस्लाव फेतिसोव यांची अमेरिकेतील गोलसंख्या त्यांच्या कीर्तीच्या मानाने तोकडी आहे, असे म्हटले जाते, आणि ते मान्य. परंतु एवढ्यावरून त्यांचे मोजमाप करणे मला अन्यायाचे वाटते. न्यू जर्सीच्या संघाने त्यांची निवड १९८३ मध्येच केली होती, मात्र मॉस्कोचा त्यांचा संघ लष्कराचा आणि ते स्वतः लष्करी अधिकारी असल्यामुळे प्रत्यक्ष जाण्यास १९८९ उजाडले, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते.

त्याच वर्षी त्यांनी सोव्हिएत संघाचे प्रशिक्षक तिखोनोव यांच्या हाताखाली खेळण्यास नकार दिला होता. फेतिसोव यांच्याशिवाय जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उतरणार नाही, असे लारिओनोव यांच्यासह काही सहकाऱ्यांनी जाहीरपणे सांगितल्यावर त्यांना परत घ्यावे लागले, आणि स्टॉकहोममध्ये सोव्हिएत संघाने सुवर्णपदक जिंकले. बचावपटूची खरी थोरवी मला या एकजुटीत दिसते. डेट्रॉइटच्या संघाकडून दुसरा स्टॅन्ली चषक, म्हणजे उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगचे विजेतेपद, त्यांनी १९९८ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी उंचावला.