योग शिक्षक प्रशिक्षण: शनिवार-रविवारची बॅच, ठाणे-नवी मुंबई. मदत हवी आहे

राहायला ऐरोलीत, नोकरी महापेला. सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींना सकाळी शिकवायचंय, परदेशात जाऊन शिकवायचा विचार नाही. स्वतःचा सराव नियमित आहे, पण गुडघ्यामुळे वज्रासन फार वेळ जमत नाही.

लोणावळ्याचं कैवल्यधाम मनात होतं, पण तिथे राहून शिकण्याइतकी रजा मिळणार नाही. सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट नावाजलेली, पण ट्रान्सहार्बरने ठाणे आणि तिथून दादरला गाडी बदलून जायचं म्हणजे सुट्टीचा दिवस प्रवासातच जातो. म्हणून ठाणे, वाशी, नेरूळ एवढ्यातच बघतेय.

जवळच्या दोन-तीन ठिकाणी फोन केले. सगळीकडे २०० तास आणि योगा अलायन्स हेच पहिलं वाक्य. ती अमेरिकेतली नोंदणी संस्था, स्वतः परीक्षा घेत नाही. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षेत लेखीबरोबर प्रात्यक्षिकही असतं, त्यामुळे माझा कल तिकडे आहे. एका ठिकाणी वेळापत्रक मागितलं तर शीर्षासनाचे फोटो पाठवले! खुर्चीवर बसून करायची आसनं, बीपी किंवा गुडघेदुखी असलेल्यांना काय टाळायला सांगायचं, यावर मोघम उत्तरं.

फी हप्त्याने चालेल. माध्यम मराठी असेल तर उत्तम.

या पट्ट्यात कुणी शनिवार-रविवारचा कोर्स केलाय का? खऱ्या वर्गासमोर उभं राहून किती शिकवायला मिळालं, आणि चुका दाखवायला शिक्षक तिथे हजर असायचे का?