कोलोरॅडोत एल्कची शिकार आणि डोंगरातले कच्चे रस्ते: जुना पिकअप ट्रक कोणता घ्यावा?

पायथ्याचा

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी राहतो. राज्याचे शिकार प्रशिक्षण मी पूर्ण केले असून यंदा ऑक्टोबरच्या रायफल हंगामात मीकरजवळच्या व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टमध्ये एल्कच्या शिकारीला जाण्याचा बेत आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीला बंदी असल्यामुळे हा विषय निघाला की आपल्याकडच्या अनेकांच्या भुवया उंचावतात, म्हणून एवढेच नमूद करतो की येथे परवाने, हंगाम आणि संख्या हे सारे राज्याचा वन्यजीव विभाग ठरवतो, आणि मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा गुन्हा आहे.

एल्क हे सांबराच्या कुळातले जनावर असून मोठ्या नराचे वजन ३०० किलोंच्या पुढे जाते. आतापर्यंत शेजाऱ्यांच्या ट्रकमधून त्यांच्यासोबत जात होतो. आता स्वतःचा ट्रक घ्यायचा आहे. खर्चाची मर्यादा साधारण २५ हजार डॉलर, म्हणजे वापरलेलाच घ्यावा लागेल. शिकारीचे दिवस वगळता हाच ट्रक रोज कार्यालयात नेला जाईल आणि उन्हाळ्यात आम्ही चौघे त्यातूनच कॅम्पिंगला जाऊ. टोयोटा टॅकोमा, निसान फ्रंटियर, जीप ग्लॅडिएटर (हे तिन्ही मध्यम आकाराचे) आणि फोर्ड एफ-१५० (मोठा) ही नावे समोर आहेत. (भारतात दिसणारी हायलक्स येथे मिळत नाही, १९९५ मध्ये तिची जागा टॅकोमाने घेतली.) मध्यम आकार पुरेल की मोठा हवा, हौदा किती फुटांचा असावा, आणि डिफरन्शियल लॉकरसाठी, म्हणजे डावे-उजवे चाक एकत्र फिरवणाऱ्या यंत्रणेसाठी, जास्तीचे पैसे मोजावेत का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रानवाटा

नमस्कार. ट्रकच्या नावाआधी तो कोठे चालणार आहे हे नक्की करू. 'ऑफ-रोड' म्हटले की रस्ता सोडून रानात गाडी घालण्याचे चित्र डोळ्यांसमोर येते, परंतु नॅशनल फॉरेस्टमध्ये तसे करता येत नाही. वनखाते प्रत्येक जंगलासाठी मोटार वाहन वापर नकाशा विनामूल्य देते. कोणता रस्ता कोणत्या वाहनाला आणि वर्षाच्या कोणत्या काळात खुला आहे हे त्यात दाखवलेले असते. एल्क रस्त्यापासून दोन मैलांवर पडला म्हणून ट्रक तेथपर्यंत नेता येईल, या भरवशावर कोणीही राहू नये. जनावराचे चार फरे आणि बाकीचे मांस पाठीवरूनच रस्त्यापर्यंत आणावे लागते. त्यामुळे तुमच्या ट्रकला खडकांवर चढण्याचे कसब फारसे दाखवावे लागणार नाही. पहाटेच्या अंधारात खाचखळग्यांचा, मध्येच पाण्याने कापलेला आणि पाऊस पडला की चिकणमातीने चाके भरून टाकणारा रस्ता त्याने बिनबोभाट पार करावा, एवढीच अपेक्षा आहे.

अशा कामाला लो रेंज (हळू पण जास्त जोराने चालण्याचे गिअर) असलेला फोर-व्हील ड्राइव्ह, पुरेशी जमिनीपासूनची उंची आणि उत्तम टायर लागतात, आणि या तिन्हींत टायरला मी सर्वांत वरचे स्थान देतो. बहुतेक ट्रकांवर येणारे मूळ टायर हमरस्त्यासाठी बनवलेले असतात आणि धारदार दगडाने त्यांची बाजूची भिंत सहज फाटते. त्याऐवजी ई लोड रेंजचे (जास्त वजन पेलणारे, जाड), डोंगर आणि हिमकणाची म्हणजे बर्फात चालण्याची खूण असलेले ऑल-टेरेन टायर घालावेत, कच्च्या रस्त्याला लागताना हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवावी, आणि परत डांबरीवर येताना भरण्यासाठी छोटा कॉम्प्रेसर जवळ ठेवावा. हवा उतरवली की टायर दगडावर आपटण्याऐवजी त्यावर दबून बसतो, पकड वाढते आणि आत बसलेल्यांची हाडेही शाबूत राहतात.

मागचा लॉकर उपयोगी आहे. एक चाक हवेत तरंगत असताना सारा जोर त्याच चाकात वाया जाण्याऐवजी दोन्ही चाके एकत्र फिरतात. टॅकोमाच्या टीआरडी ऑफ-रोड आणि फ्रंटियरच्या प्रो-४एक्स प्रकारांत तो कंपनीकडूनच मिळतो. ग्लॅडिएटरच्या रुबिकॉन प्रकारात पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर आहेत, पण तुमच्या रस्त्यांसाठी ती चैन ठरेल आणि तुमच्या मर्यादेत चांगला रुबिकॉन मिळणेही कठीण. टायरवर चढवायच्या साखळ्यांचे दोन जोड, म्हणजे चारही चाकांसाठी, मात्र घ्याच. ओल्या चिकणमातीत साखळ्या नसतील तर लॉकरही हतबल होतो.

माझे मत टॅकोमा किंवा फ्रंटियर. त्यांची रुंदी साधारण ७५ इंच, तर एफ-१५० ची ८० इंच; दोन्ही बाजूंनी ॲस्पेनच्या फांद्या घासणाऱ्या रस्त्यावर हे पाच इंच फार जाणवतात.

बर्फाळ

रानवाटा यांचे टायरविषयीचे म्हणणे शंभर टक्के मान्य, मात्र मध्यम आकाराच्या ट्रकविषयी माझे मत वेगळे आहे, कारण वजनाचा हिशेब त्यांनी मांडलेला नाही.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी-पांढरी पट्टी असते. माणसे आणि सामान मिळून या वाहनात किती वजन चालेल हे तीवर लिहिलेले असते. चार दारांच्या टॅकोमात हा आकडा बहुधा ४५० ते ५०० किलोंच्या दरम्यान असतो. शिकारीच्या कपड्यांतली चार धडधाकट माणसे ३५० किलो खाऊन टाकतात. हौद्यावर छत बसवले तर त्याचे ७०-८० किलो वेगळेच. तंबू, पाणी, शिधा, जास्तीचे इंधन आणि बर्फाने भरलेले कूलर अजून चढायचेच आहेत, आणि परतताना एका नराचे हाडे काढलेले शंभर किलोंच्या आसपास मांस. पट्टीवरचा आकडा येथे केव्हाच ओलांडला जातो. मागचे पाटे (स्प्रिंग) सपाट होतात, हेडलाइट आभाळाकडे पाहू लागतात आणि घाट उतरताना ब्रेकवर ताण येतो. एफ-१५० मध्ये हाच आकडा अनेक प्रकारांत ७०० किलोंच्या घरात किंवा त्याहून अधिक असतो.

दुसरा मुद्दा उंचीचा. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे दहा हजार फुटांवर जवळजवळ तीस टक्के गेलेली असते. २०१६ ते २०२३ च्या टॅकोमातील ३.५ लिटरचे इंजिन कागदावर २७८ अश्वशक्तीचे आहे, पण घाटमाथ्यावर त्यातली दोनशेच्या आसपासच हाती लागते आणि गिअरबॉक्स सतत खालचा गिअर शोधत राहतो. टर्बो इंजिनाला विरळ हवेचा त्रास बराच कमी होतो. म्हणून मी २.७ लिटरच्या इकोबूस्ट या टर्बो इंजिनाचा, साडेसहा फुटी हौद्याचा एफ-१५० सुचवेन. रुंदीची अडचण खरी आहे, पण मीकरच्या बाजूचे मुख्य वनरस्ते घोड्यांचे ट्रेलर नेण्याइतके रुंद आहेत.

सावली

मी पतीसमवेत अनेक हंगाम शिकारीला जात आहे आणि मांस हाताळण्याचे काम मुख्यतः माझ्याकडे असते, म्हणून मला हौद्याविषयी बोलायचे आहे.

शिकारीतला खरा घोर गोळी झाडल्यानंतर सुरू होतो. कातडे लवकर काढून मांस थंड आणि कोरडे ठेवले नाही तर ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हात ते बिघडायला वेळ लागत नाही. फरे विणलेल्या सुती पिशव्यांत घालून रात्रभर सावलीत टांगावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच कूलरमध्ये ठेवावेत. कूलरचे खालचे बूच उघडे ठेवावे, कारण वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात मांस भिजू देता कामा नये. दोन मोठे कूलर, तंबू आणि बाकीचे सामान पाच फुटी हौद्यात बसत नाही असे नाही, परंतु प्रत्येक वेळी एखादी वस्तू काढण्यासाठी सगळे खाली उतरवावे लागते. सहा फुटी हौद्यात हा त्रास उरत नाही, शिवाय तिरके झोपले तर दोन माणसांची रात्रही निभावते.

धुळीचा विचार फार थोडे लोक करतात. हौद्यावर छत असले की चालत्या ट्रकच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटींतून बारीक धूळ आत ओढली जाते. तासाभराच्या कच्च्या रस्त्यानंतर फाळका उघडावा तर पिशव्यांवर, दोरांवर, कूलरच्या कडेच्या खाचेत पिठासारखी धूळ बसलेली दिसते आणि ओलसर मांसावरची धूळ पुसून निघत नाही, ती सुरीने तासावी लागते. फाळक्याच्या चारही कडांना रबराची पट्टी लावावी आणि छताची पुढची खिडकी किंचित उघडी ठेवावी, म्हणजे हवा समोरून आत येते व धूळ बाहेर राहते. हौद्याला आतून फवारणीचे अस्तर असलेला ट्रक मिळाला तर तोच घ्यावा. नुसते प्लास्टिकचे खोके बसवलेले असेल तर त्याखाली रक्ताचे पाणी साचते आणि धुता येत नाही.

मागचे आसन सपाट दुमडते का, हेही पाहावे. वाहनात रायफलचा चेंबर रिकामा असणे कोलोरॅडोत कायद्याने बंधनकारक आहे आणि ती कुलूपबंद पेटीतच असलेली बरी. ती पेटी आडवी मावेल अशी जागा आत असलीच पाहिजे.

पायथ्याचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बर्फाळ यांचा हिशेब वाचून मी कागद घेऊन बसलो. आम्ही शिकारीला दोघेच जाणार आणि कुटुंबात मुले लहान, त्यामुळे टॅकोमाच्या मर्यादेत आमचे भागते, मात्र छताचा विचार तूर्त सोडावा लागेल. सावलीताईंमुळे सहा फुटी हौदा पक्का झाला. २०१७ ची, चार दारांची, सहा फुटी हौद्याची टीआरडी ऑफ-रोड टॅकोमा एका विक्रेत्याकडे आहे. ती आधी ओहायोत होती. पाहायला जाताना काय तपासावे?

रानवाटा

ओहायोत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून सर्वप्रथम चासी पाहा. २००५ ते २०१० च्या टॅकोमांच्या चासी गंजण्यावरून टोयोटाला २०१६ मध्ये ग्राहकांच्या दाव्यात मोठी तडजोड करावी लागली होती. तुमची त्या वर्षांतली नाही, तरी मीठ कोणत्याच चासीला सोडत नाही. जुने कपडे घालून जा, गाडीखाली शिरा आणि मागच्या पाट्यांच्या पुढच्या टोकाजवळ हातोडीने हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे गळाले तर किंमत कितीही उतरवली तरी परत फिरा. नवा काळा रंग मारलेली चासी दिसली तर अधिक संशयाने पाहा, रंगाखाली गंज दडवणे अवघड नसते.

२०१६ आणि २०१७ च्या टॅकोमांमध्ये मागच्या डिफरन्शियलमधून तेल गळण्याविषयी कंपनीने रिकॉल काढला होता, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. वाहन क्रमांक घालून ते काम झाले आहे का, हे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

चाचणीसाठी मातीची किंवा खडीची मोकळी जागा निवडा, कारण कोरड्या डांबरीवर फोर-व्हील घालून वळवले की यंत्रणेवर ताण येतो. उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये लो रेंज घाला, मग लॉकरचे बटण दाबून हळू पुढे जा आणि दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होतो का पाहा. वर्षानुवर्षे न वापरलेला लॉकर अडकून बसलेला असू शकतो. शेवटी हौद्याखालचे सुटे चाक साखळीने पूर्ण खाली उतरवून पाहा. मिठाच्या प्रदेशातून आलेल्या ट्रकांत ती साखळी गंजून घट्ट झालेली असते, आणि ते विक्रेत्याच्या अंगणात कळलेले केव्हाही चांगले.

बर्फाळ

दारावरच्या पट्टीचा फोटो विक्रेत्याकडून आधीच मागवून घ्या. एकाच वर्षाच्या दोन टॅकोमांत तो आकडा ३०-४० किलोंनी वेगळा असू शकतो, आणि तुमच्या हिशेबात तेवढ्याने फरक पडतो.