६७ सालच्या फियाटचा कंपनीचा रंग कोणता मानायचा: पत्र्यावरचा, आरसी बुकातला की आठवणीतला?

गोदाकाठ
वडिलांची फियाट इलेव्हन हंड्रेड डिलाइट आहे, १९६७ ची, कुर्ल्याच्या प्रीमियरमधून निघालेली. वडिलांनी ती १९७४ मध्ये देवळालीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. आज ती मरून आहे. तो रंग नव्वदीत भद्रकालीतल्या एका गॅरेजात मारला, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीचं मात्र कुणाचं कुणाशी जुळत नाही. आरसी बुकात रंगाच्या रकान्यात ‘व्हाइट’ आहे. आई म्हणते, आपल्याकडे आली तेव्हापासून आकाशीच.

रविवारी डिकीच्या झाकणाची आतली बाजू घासायला घेतली. आठशे नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), वरून पाणी सोडत, रुपयाएवढी जागा. कडा त्याहून बारीक, बाराशे नंबरच्या पेपरने उतरवल्या. कांदा आडवा चिरावा तशी वलयं उघडली. बाहेर मरून, मग राखाडी प्रायमर, आकाशी, पुन्हा राखाडी, मग पिवळसर क्रीम, त्याखाली विटकरी प्रायमर आणि मधोमध पत्रा. पांढरा कुठेच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पत्र्याला लागून असलेल्या प्रायमरवरचा पहिला रंग तोच कंपनीचा. गाडी क्रीम होती आणि मी ती क्रीमच करणार. हरकत असेल तर कारणासकट सांगा.

सातपूरचा पेंटर
दादा, ३१ वर्षं स्प्रे गन हातात आहे. माझ्या दोन हरकती आहेत.

सगळ्यात खालचा थर कंपनीचाच, असं नसतं. डॉक्टरांच्या काळात मागून कुणी ठोकली असेल तर गॅरेजवाल्याने झाकण पत्र्यापर्यंत खरवडून, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून, नवा प्रायमर मारला असेल. कंपनीत आधी रंग लागतो, मग फिटिंग बसतं. म्हणून जिथे कुणी पाना लावलेला नाही तिथे बघा. वायरिंगच्या क्लिपखाली, डॅशबोर्डच्या मागे, बिजागरीच्या पोटात. तिथे रंग सलग आत गेलेला असेल तर तो कंपनीचा. रबराच्या कडेला बोट फिरवा; टेप काढल्यासारखी बारीक पायरी लागली तर तो गॅरेजचा.

दुसरी हरकत तुमच्या ‘पिवळसर’ शब्दाला. उन्हाने रंग उडतो हे सगळे जाणतात, म्हणून झाकलेली जागा जशीच्या तशी राहिली असं धरून चालतात. तसं नसतं. तेलाचा इनॅमल अंधारात पिवळा पडतो. इतकी वर्षं बंद डिकीत राहिलेला पांढरासुद्धा आज क्रीम दिसेल. दुकानातल्या मशीनवर नेलात तर मशीन आजची छटा मोजेल, ६७ ची नाही. आधी त्या जागेला ऊन दाखवा, मग बोला.

सिडकोवासी
म्हणजे आरसी बुकच खरं निघण्याची शक्यता आहे! नोंदणी झाली तेव्हा गाडी नवी होती. रंग बदलला की आरसीत नोंद करून घ्यावी लागते, ती तुमच्याकडे दिसत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या सरकारी नोंदीपेक्षा वॉटर पेपरवर जास्त विश्वास का? फोक्सवॅगन बीटलच्या मालकाला एल ८७ असा कंपनीचा रंग-नंबर मिळतो, म्हणजे पर्ल व्हाइट, संपला वाद. तुमच्याकडे तसा नंबर नाही, तर जो कागद आहे तो माना.

गोदाकाठ
ताई, त्या रकान्यात ‘व्हाइट’ लिहिणाऱ्यासमोर क्रीम, मोतिया, हस्तिदंती यातलं काहीही उभं असतं तरी त्याने ‘व्हाइट’च लिहिलं असतं. आरसी बुक रंगाचं कुळ सांगतं, छटा नाही. आणि गाडीवर मरून असताना बुकात आजही व्हाइट आहे, यावरून त्या नोंदी किती वेळेवर होतात ते कळतंच. पेंटरदादांचं मात्र पटलं. ऊन दाखवतो.

वणीकर
मला ही सगळी चर्चाच चुकीच्या टोकाने चाललेली वाटते. तुम्ही कारखान्याचा रंग शोधताय, पण गाडी कारखान्याची नाही, तुमच्या वडिलांची आहे. तुम्हीच लिहिलंय की आईच्या आठवणीत ती आकाशी आहे. म्हणजे गडावर, त्र्यंबकला, लग्नाकार्याला तुम्ही सगळे गेलात ते आकाशी गाडीतून. क्रीम रंग डॉक्टरांच्या घरच्यांचा. तो तुमच्या दारात आणून आई ओळखणार आहे का आपली गाडी?

कायद्याचंही अडत नाही. २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमात पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी म्हटलंय, पण मोठा बदल म्हणून चासी, बॉडी आणि इंजिन यांचाच उल्लेख आहे. आकाशी रंगाने ती कमी अस्सल ठरत नाही.

नाशिकरोडकर काका
मी म्हणेन, रंगवूच नका. मरूनच्या खाली आकाशी आणि क्रीम सलग असतील तर हाताने हळूहळू उतरवा. जिथे मिळेल तिथे जुनाच रंग ठेवा.

गोदाकाठ
काका, दोन दरवाजे पाहिले. खाली सगळी लांबीच आहे, एका जागी बोटभर जाड. रंगवावंच लागणार.

उन्हाचं सांगतो. झाकणाच्या आत हातभर पट्टा क्रीमपर्यंत उतरवला, बिजागरीचे बोल्ट काढून झाकण गच्चीवर नेलं, अर्ध्या पट्ट्यावर काळा कागद चिकटवला. बारा दिवस कडक ऊन खाल्लं. आज कागद काढला आणि मधोमध रेघ उभी राहिली. झाकलेली बाजू लोण्यासारखी पिवळट, उघडी बाजू मोतिया. शुभ्र नाही, क्रीमही नाही. मी सरळ क्रीम मिसळून आणला असता तर पूर्ण गाडी चुकली असती. डॅशबोर्डमागच्या क्लिपखालीही तोच थर सलग गेलाय, पायरी कुठे नाही.

सातपूरचा पेंटर
अजून आठवडाभर ठेवा. छटा हलायची थांबली की मगच जुळवा. आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पास करू नका, तिथे जुळलेला रंग बाहेर आल्यावर फसवतो. झाकण रस्त्यावर आणून उन्हात बघा, सावलीत बघा.

सिडकोवासी
मोतिया म्हणजे पांढऱ्याच्या घरातलाच. कागद खोटं बोलत नव्हता, एवढं तरी मान्य करा.

गोदाकाठ
मान्य. पण नुसत्या त्या कागदावर गेलो असतो तर गाडी चुन्यासारखी पांढरी झाली असती.

वणीकर, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. झाकणाच्या आतली वलयांची जागा रंगवणार नाही, वरून फक्त क्लिअर (बिनरंगी पारदर्शक थर) मारणार. आकाशी तिथे राहील.

वणीकर
डिकी उघडल्याशिवाय दिसणार नाही तो. माझं मत बदललेलं नाही.