बुप्रोफेझीन मारलं तरी तुडतुडे उडतायत, माल डुप्लिकेट निघाला का?

कपाशी_सेलू:
नमस्कार मंडळी. कपाशी दीड महिन्याची झालीय, पानाच्या कडा पिवळ्या पडून खाली मुरडायला लागल्या म्हणून दुकानात गेलो, त्यानं बुप्रोफेझीन २५ टक्केवालं दिलं, १५ लिटरच्या पंपाला ३० मिली टाकून परवा मारलं. आज बघतो तर झाडाला हात लावला की तुडतुडे भुर्रकन उडतायत, मेलेलं एक दिसंना. शेजारचा म्हणतोय तुला चुना लावला, उद्या असिफेट मारून मोकळा हो. पक्कं बिल आहे माझ्याकडं. काय करावं?

रानवाटा:
भाऊ थांबा, लगेच दुसरा पंप भरू नका. डोस बरोबर आहे तुमचा. पण हे झटक्यात पाडणारं औषध नाही, कीड वाढू न देणारं आहे. तुडतुड्याचं पिल्लू मोठं होईपर्यंत ५ वेळा कात टाकतं आणि दर वेळी नवी कातडी तयार करायला त्याला कायटिन लागतं, हे औषध नेमकं ते कायटिनच बनू देत नाही, त्यामुळं पिल्लू पुढची कात टाकायला जाईल तेव्हाच मरणार, आज मारलं आणि संध्याकाळी सडा पडला असं होत नाही. ३ ते ७ दिवस धरा. जे उडतायत ते पंखवाले, त्यांचं कात टाकणं कधीच उरकलंय, ते आपल्या मौतीनंच मरणार, फक्त त्यांची अंडी बरीचशी वाया जातात.
सकाळी उन्हं चढायच्या आत मधलं पान न हलवता हळूच उलटं करा. शिरांच्या कडेला बारीक पोपटी पिल्लं दिसतील, डिवचलं की खेकड्यासारखी तिरकी पळतात. ती मोजायची, उडणारे नाही. अर्धी कात अंगाला तशीच चिकटून मेलेली दिसली की समजा माल खरा आहे.

ढेकळं_बुलडाणा:
सगळं खरं सर, पण पान लाल पडायला लागलं असेल तर आठ दिवस वाट बघत बसणं शेतकऱ्याला परवडतं का ते पण सांगा ना. बियाण्याला लावलेल्या इमिडाचा (इमिडाक्लोप्रिड औषधाचा) जोर महिना-सव्वा महिन्यात उतरतो, तेव्हाच पिल्लं दिसायला लागली की बुप्रोफेझीन मारायचं असतं, दुकानदार ते सांगत नाही, तो गिऱ्हाईक आल्यावर हाताला येईल तो डबा देतो. पानामागं २-३ च्या वर तुडतुडे सापडत असतील तर फ्लोनिकॅमिड घ्या, एकरी ६० ग्रॅम. असिफेटच्या मात्र नादी लागू नका, मित्रकिडी साफ होतात आणि मग मागून पांढरी माशी येते ती आवरत नाही.

रानवाटा:
@ढेकळं_बुलडाणा बरोबर, लाल पडलं असेल तर थांबू नये. अजून एक, बुप्रोफेझीन झाडात भिनत नाही, जिथं पडेल तिथंच काम करतं, आणि पिल्लं सगळी पानाखाली. वरून वरून नोझल फिरवलं तर औषध अस्सल असून पण गुण येत नाही. खालून वर मारायचं. आणि हे अळीला चालत नाही, बोंडअळीसाठी घेऊन पैसे घालवू नका.

तुती_जालना:
मधेच बोलतो, माफी असावी. कापूसवाल्यांनी पुढं पांढऱ्या माशीला पायरीप्रॉक्सीफेन किंवा अळीला नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन मारताना शेजारी तुती आहे का बघत जा हो. रेशमाची अळी पण अळीच आहे, तिला कुठं कळतंय आपण कुणाचे. पायरीप्रॉक्सीफेनचा वारा लागलेला पाला खाल्ला की अळी मरत नाही, नुसती खातच राहते, गलेलठ्ठ होते आणि चंद्रिकेवर (कोष विणायच्या जाळीवर) टाकली तरी कोष करत नाही. पाला गेला, मजुरी गेली, हातात काही नाही. लोकांना वाटतं अंडीपुंज खराब आले. इटलीत फळबागांवरच्या फेनॉक्सीकार्बनं रेशीमवाल्यांचं असंच वाटोळं केलं होतं.

रानवाटा:
@तुती_जालना पायरीप्रॉक्सीफेन आणि फेनॉक्सीकार्ब ही हार्मोनची नक्कल करणारी औषधं, किड्याला वाटतं आपण अजून लहानच आहोत. हे सापडलं पण गमतीनं. १९६५ च्या आसपास हार्वर्डमध्ये प्रागहून आणलेले ढेकणाच्या जातीचे किडे पाळले होते, ते मोठेच होईनात. शेवटी कळलं की डब्यात टाकलेल्या कागदी टॉवेलात दोष, तो ज्या फर झाडाच्या लगद्याचा होता त्या झाडातच तसलं द्रव्य.

कपाशी_सेलू:
बांधाला लागून चुलत्याची तुती आहे की! बरं झालं बोललात दादा. आत्ता पानं उलटून आलो, लाल अजून नाहीत, पिल्लं कुठं एक कुठं दोन, काही जागेवरच सुकल्यासारखी वाटली. सोमवारपर्यंत थांबतो, तरी वाढली तर फ्लोनिकॅमिड. तुतीच्या बाजूच्या चार ओळी सोडून मारलं तर चालेल का अजून जास्त सोडाव्या?

तुती_जालना:
ओळींपेक्षा वारा बघा, तुतीकडं वाहत असेल तर त्या दिवशी मारूच नका. आणि चुलत्याला आदल्या दिवशी सांगा, म्हणजे तो पाला आधीच कापून ठेवेल.